एसडीबीची झाली एसडीसी: कीर्तनाच्या कॅसेटी आणि डिस्कच्या नावांचा घोळ

आजोबांनी १९८० च्या दशकात आमच्या रामबागेतल्या देवळात कीर्तनं टेप करून ठेवली. इंदूरच्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एवढी वर्षं काढलेल्या या कॅसेटी आता एकेक करून संगणकावर उतरवतो आहे. काम घरच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ ही लिनक्स सिस्टिम घालून चाललं आहे. बाहेरच्या डिस्क लावून असंच काही करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून या नोंदी. कमांड आपण तोंडानं म्हणतो तशा लिहिल्या आहेत, टाइप करताना रोमनमध्येच टाका.

८ जून २०२५, रविवार

आतापर्यंत लॅपटॉपवर ४७ कॅसेटी उतरवून झाल्या होत्या. आज त्या डेस्कटॉपवर आणल्या. आत १२० जीबीची एसएसडी आहे, तिच्यावर फक्त सिस्टिम. बाहेर यूएसबीवर २ टीबीच्या दोन डिस्क, एकाच कंपनीच्या, एकसारख्या स्वस्त डब्यांत बसवलेल्या, दोन्हींना स्वतंत्र अडॅप्टर. एक 'मूळ', दुसरी 'प्रत'. दोन्हींवर ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत.

४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, स्टिरिओ असं रेकॉर्डिंग घेतो. म्हणजे ९० मिनिटांच्या एका कॅसेटला साधारण दीड जीबी. दोन बाजूंच्या दोन वेव्ह फाइली.

सुरू होताना कुठली डिस्क कुठल्या फोल्डरावर चढवायची (माउंट करायची) ते एफएसटॅब या फाइलीत लिहिलेलं असतं. तिच्यात दोन ओळी घातल्या: एसडीबी१ ही /मूळ वर, एसडीसी१ ही /प्रत वर. एसडीबी आणि एसडीसी या नावांनी मशीन त्या दोन डिस्क दाखवत होतं. रात्री दोन वाजता क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं चालवणारी सोय) आरसिंक (फाइली जुळवून उतरवणारा प्रोग्रॅम) चालतो, मूळवरून प्रतीवर, 'डिलीट' पर्यायासह, म्हणजे मूळवर जे नाही ते प्रतीवरूनही जातं. मशीन चार वेळा रीबूट करून पाहिलं, चारही वेळा सगळं जागच्या जागी. या चाचणीवर मी विसंबलो. ती का खोटी होती ते पुढे येईल.

९ जून

आत्याला ऐकवायला प्रतीची डिस्क सुदामा नगरला नेली, लॅपटॉपसकट. नीट अनमाउंट करूनच काढली. डेस्कटॉप चालूच ठेवला, कॅसेटी उतरवणं सुरू होतं. क्रॉन बंद करायला हवा हे डोक्यातच आलं नाही.

१३ जून, शुक्रवार

सकाळी मशीन हळू. लॉगिन होतं, पण साधी फाइल जतन होत नाही. मोकळी जागा दाखवणारं 'डीएफ' लावून पाहिलं तर एसएसडी १०० टक्के भरलेली.

शोधायला पाऊण तास गेला. डिस्क काढली तरी /प्रत हा रिकामा फोल्डर एसएसडीवर होताच. आरसिंकला डिस्क दिसत नाही, त्याला फोल्डर दिसतो. त्यानं रोज रात्री इमानेइतबारे सगळी कीर्तनं त्या फोल्डरात, म्हणजे एसएसडीवर, ओतली. एसएसडीवर ८४ जीबी मोकळी होती. पहिल्या रात्री ७३ जीबी मावली, म्हणून काही कळलं नाही. कॅसेटी वाढत गेल्या आणि काल रात्री पंचावन्नावी आली तेव्हा जागा संपली.

फोल्डरातलं सगळं पुसून टाकलं आणि मशीन मोकळं झालं. हे पुसणं ही या कामातली माझी सगळ्यात मोठी चूक. कॅसेट क्रमांक ४८ ते ५४ यांची दुसरी प्रत जगात फक्त तिथेच होती.

१४ जून, शनिवार

आणखी तीन कॅसेटी झाल्या, एकूण ५८. म्हणजे प्रतीच्या डिस्कवर ४७ आणि मूळवर ५८, अकराचा फरक. संध्याकाळी आत्याकडून डिस्क आणून लावली, हातानं माउंट केली. रात्री दोनला आरसिंक फरक भरून काढेल म्हणून निश्चिंत झोपलो.

नऊच्या सुमारास जोराचा पाऊस आला आणि लाईट गेली. यूपीएसची बॅटरी कधीच गेलेली. वीस मिनिटांनी लाईट आली, मदरबोर्डवरच्या बायोसमधल्या सेटिंगप्रमाणे मशीन आपोआप सुरू झालं. मी तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

१५ जून, रविवार

सकाळी पोहे खाता खाता एकोणसाठावी कॅसेट लावावी म्हणून /मूळ उघडलं. यादी ४७ वर थांबलेली. /प्रत उघडलं, तिथेही ४७.

आरसिंकच्या नोंदींत रात्री दोन वाजून काही सेकंदांनी 'डिलीटिंग' अशा २२ ओळी. अकरा कॅसेटींच्या बावीस फाइली, एकाखाली एक. पोह्यांची बशी तशीच राहिली.

जोडलेल्या डिस्कांची यादी देणारं 'एलएसबीएलके' लावलं तेव्हा उलगडा झाला. काल लाईट आल्यावर दोन्ही डिस्कांनी अक्षरं बदलली होती. प्रतीची डिस्क एसडीबी झाली होती आणि मूळची एसडीसी. एफएसटॅबनं सांगितल्याप्रमाणे एसडीबी /मूळ वर चढली, म्हणजे जुनी प्रत मूळच्या जागी. मग आरसिंकनं ४७ वाल्या डिस्कला खरं मानून ५८ वाल्या डिस्कवरच्या 'जास्तीच्या' अकरा कॅसेटी पुसल्या. दोन्ही डिस्क आकारानं, मॉडेलनं, फोल्डरांच्या नावांनी सारख्याच. एरर यायला काही कारणच नव्हतं.

एसडीबी हे डिस्कचं नाव नाहीच. कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, डिस्क ज्या क्रमानं सापडतात त्या क्रमानं तो ए, बी, सी अशी अक्षरं वाटतो. मी रीबूट करत होतो तेव्हा डब्यांचे अडॅप्टर चालू असत, डिस्क आधीच फिरत असत, म्हणून पोर्टचा क्रम टिकायचा. लाईट जाऊन आली की दोन्ही डिस्क थंड अवस्थेतून, मशीनबरोबरच उठतात. मूळची डिस्क जुनी आहे, तिला वेग घ्यायला दुसरीपेक्षा जास्त वेळ लागतो. ती मागे पडली. रीबूट करून केलेली चाचणी या बाबतीत काहीच सांगत नाही. चाचणी भिंतीवरचं बटण बंद करूनच करायची.

कळल्याबरोबर दोन्ही डिस्क अनमाउंट केल्या, क्रॉन बंद केला. पुसलेल्या डिस्कवर त्यानंतर एक बाइटही लिहिला गेला नाही, आणि पुढचं सगळं त्यामुळेच शक्य झालं.

१६ जून

परत मिळवलेल्या फाइली त्याच डिस्कवर ठेवायच्या नसतात, म्हणून तिसरी डिस्क लागणार. जेल रोडवर जाऊन २ टीबीची घेतली, ५,४०० रुपये. दुकानदार म्हणाला, "भाऊ, डेटा गेला तर आमच्याकडे द्या, काढून देऊ." भाव ऐकून परत आलो. आधी स्वतः करून पाहायचं ठरवलं.

पुसलेल्या फाइली शोधून काढणारं फोटोरेक वापरलं. फक्त वेव्ह हा प्रकार निवडला, बाकी सगळ्या खुणा काढल्या, आणि फक्त मोकळी जागा तपासायला सांगितली. तीन तासांनी पाहिलं तर अजून चौदा तास बाकी. डिस्क मागच्या काळ्या पोर्टमध्ये लावली होती, तो यूएसबी २ चा. सेकंदाला तेहतीस-चौतीस एमबीच्या वर जात नव्हता. थांबवून निळ्या पोर्टमध्ये लावली आणि पहिल्यापासून सुरू केलं, तेव्हा पाच तासांत झालं. तीन तास वाया. पोर्टचा रंग आधी बघा.

१७ आणि १८ जून

वेव्ह फाइलच्या सुरुवातीलाच तिची लांबी लिहिलेली असते, त्यामुळे फाइल डिस्कवर सलग असेल तर फोटोरेक ती पूर्ण उचलतो. २२ पैकी १७ धडधाकट मिळाल्या. पाच मध्येच तुटलेल्या, किंवा मधे दुसऱ्याच कीर्तनाचा तुकडा घुसलेला.

नावं मात्र सगळ्यांची गेली. फोटोरेक एफ अक्षरापुढे एक लांब आकडा देतो. तो आकडा म्हणजे फाइल डिस्कवर जिथे सुरू होते ती जागा. चढत्या क्रमानं लावल्यावर उतरवण्याचा क्रम बराचसा हाती आला, कारण कोऱ्या डिस्कवर फाइली बहुतेक एकापुढे एक लिहिल्या गेल्या होत्या. तरी खात्री हवी होती. आत्याला बोलावलं. ती दोन दिवस हेडफोन लावून बसली. पूर्वरंगातला अभंग कळला नाही तरी उत्तररंगातलं आख्यान सुरू झालं की ती सांगायची, "अरे, हे रामनवमीचं. बघ, पेटी कशी खाली लागलीय, ती पेटी त्याच वर्षी बिघडली होती." एका फाइलीत कीर्तनकारांना हार घालतात त्या वेळी कुणीतरी मूल रडतं. आत्या म्हणाली, तो तुझा बाबा.

१९ ते २१ जून

पाच तुटक्या फाइली चार कॅसेटींच्या. त्या पुन्हा वाजवून घ्यायच्या. तीन नीट झाल्या. चौथीची ब बाजू एकतिसाव्या मिनिटाला डेकमध्ये अडकली आणि फीत रबरी चाकाभोवती गुंडाळली गेली. डेक उघडला, फीत चिमट्यानं सोडवली, पेन्सिलीनं आत घेतली. चाळीस सेकंदांएवढी फीत चुरगळून गेली, तिच्यातून आता नुसती खरखर येते. पहिल्यांदा ही बाजू अगदी स्वच्छ वाजली होती.

२२ जून, रविवार

आता एफएसटॅब नीट करणं. प्रत्येक फाइल सिस्टिमला बनवतानाच एक यूयूआयडी मिळतो, तो डिस्कवरच लिहिलेला असतो. डिस्क कुठल्याही पोर्टला लावा, कुठल्याही क्रमानं उठवा, तो तोच. 'बीएलके-आयडी' चालवला की दिसतो, किंवा 'एलएसबीएलके'ला एफ पर्याय द्या.

दोन्ही ओळींत एसडीबी१ आणि एसडीसी१ च्या जागी यूयूआयडी घातले. एक आकडा हातानं टाइप करताना चुकला. रीबूट केल्यावर मशीन दीड मिनिट त्या नसलेल्या डिस्कची वाट पाहत राहिलं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन रूटचा, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याचा, पासवर्ड मागत बसलं. मॉनिटर आणि कीबोर्ड माळ्यावरून काढून जोडावे लागले. यूयूआयडी ३६ खुणांचा असतो, तो कॉपी-पेस्टच करा.

आता ओळ अशी आहे: यूयूआयडी, मग /मूळ, मग ईएक्सटी४, मग पर्यायांत 'डिफॉल्ट्स', 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी-डिव्हाइस-टाइमआउट' १५ सेकंद. नोफेल असलं की डिस्क नसली तरी मशीन पुढे जातं. फाइल बदलल्यावर ती नव्यानं वाचायला 'सिस्टिम-सीटीएल डेमन-रीलोड', मग तपासायला 'फाइंड-एमएनटी व्हेरिफाय', मग डिस्क चढवायला 'माउंट ए'. या तिघांतून ओळ पार झाली तरच रीबूट. चुकीचा यूयूआयडी व्हेरिफायनं लगेच दाखवला असता, मी तो चालवलाच नव्हता.

पण नोफेल घातलं की १३ तारखेचा धोका पुन्हा दारात. डिस्क नाही, मशीन चालू, फोल्डर रिकामा, आरसिंक तयार. म्हणून दोन्ही डिस्क अनमाउंट करून /मूळ आणि /प्रत या रिकाम्या फोल्डरांना 'सीएच-अ‍ॅटर'नं आय ही खूण लावली. आता डिस्क चढलेली नसेल तर रूटलासुद्धा तिथे काही लिहिता येत नाही. डिस्क चढली की नेहमीसारखं चालतं. या कामात सगळ्यात कमी कष्टात सगळ्यात जास्त उपयोगी पडलेली गोष्ट ही.

२४ जून

यूयूआयडीऐवजी /डेव्ह/डिस्क/बाय-आयडी मधली नावं वापरा असंही सांगतात, त्यात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो, वाचायला बरं. माझ्याकडे तिथे दोन डब्यांचा मिळून एकच दुवा दिसला. दोन्ही डबे यूएसबीवर एकच सीरियल नंबर सांगतात, आतल्या डिस्कचा नंबर पुढे येऊच देत नाहीत. जी डिस्क नंतर उठते तिच्याकडे तो दुवा वळतो. म्हणजे एसडीबीचीच गत. असले डबे असतील तर बाय-आयडीच्या भानगडीत पडू नका.

लेबल लावायचाही प्रयत्न केला. ईएक्सटी४ चं लेबल १६ बाइटांचं, आणि आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइटांचं. 'मूळ' ९ बाइटांत बसतं, 'प्रत' १२ मध्ये. तिसऱ्या डिस्कला 'कीर्तन' द्यायचं होतं, त्याचे होतात १८. कमांडनं इशारा देऊन ते कापलं आणि शेवटी अक्षराऐवजी कचरा राहिला. काना, वेलांटी, पाय मोडणं सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'आजोबा' मात्र १५ मध्ये बसतं. तिसऱ्या डिस्कचं नाव आता आजोबा. लेबलं मी फक्त माझ्या डोळ्यांसाठी ठेवली आहेत, एफएसटॅबमध्ये यूयूआयडीच.

२६ जून

आणखी एक चूक, आणि ती यूयूआयडी समजल्यानंतरची. फाइली परत मिळाल्यावर मूळ नीट जुळवून झाली होती. तिसरी डिस्क भरायला काल रात्री मूळवरून 'डीडी'नं जशीच्या तशी उतरवली. डीडी सगळंच उतरवतो, यूयूआयडीसुद्धा. सकाळी दोन डिस्कांचा एकच यूयूआयडी. अशा वेळी /मूळ वर कुठली चढेल याचा भरवसा नाही.

मूळची डिस्क काढून ठेवली. तिसरी अनमाउंट असतानाच तिच्यावर आधी तपासणीसाठी 'ई-टू-एफएससीके' एफ पर्यायानं, मग 'ट्यून-टू-एफएस' मध्ये मोठा यू आणि 'रँडम'. नवा यूयूआयडी मिळाला, लेबलही पुन्हा 'आजोबा' केलं. डीडीनं डिस्क उतरवली की मशीनला दोन्ही एकत्र लावायच्या आधी हे कराच.

२७ जून

तीन डिस्क लावून थंड सुरुवात केली तर काळ्या स्क्रीनवर नुसती लुकलुकणारी रेघ. लिनक्स सुरू करून देणारा बूटलोडर, ग्रब, तोसुद्धा आला नाही. लिनक्सचा यात काही संबंध नव्हता. या जुन्या मदरबोर्डच्या बायोसनं नवी यूएसबी डिस्क दिसताच हार्ड डिस्कच्या यादीत तिला वर आणलं आणि तिच्यावरूनच सुरू व्हायला गेला. तिच्यावर बूटलोडर कुठला असणार? बायोसमध्ये एसएसडी पुन्हा पहिली केली, बूटच्या यादीतून यूएसबी काढून टाकली. त्यापुढचं आधीच ठीक होतं. ग्रबची तयार केलेली फाइल आणि कर्नलला दिलेला रूट (सिस्टिम जिथे आहे तो भाग), दोन्ही यूयूआयडीनंच शोधतात. जुन्या इन्स्टॉलेशनमध्ये कुणी तिथे एसडीए१ असं हातानं लिहिलं असेल तर तेही बदला.

२९ जून, रविवार

आरसिंकची स्क्रिप्ट नव्यानं. कीर्तनं आता दोन्ही डिस्कांवर 'कीर्तने' या फोल्डरात, आणि डिस्कच्या मुळाशी एकेक छोटी खुणेची फाइल: एकीवर 'मी-मूळ', दुसरीवर 'मी-प्रत'. आरसिंक फक्त आतला फोल्डर उतरवतो, त्यामुळे खुणा इकडच्या तिकडे जात नाहीत. स्क्रिप्ट आधी 'माउंटपॉइंट' विचारते, म्हणजे डिस्क खरंच चढली आहे का, मग खूण आपल्या जागी आहे का पाहते. एकही उत्तर चुकलं तर थांबते आणि मला मेल करते.

डिलीट काढून टाकला नाही, नाव बदललेल्या फाइलींसाठी तो लागतो. पण 'मॅक्स-डिलीट' ४ घातला आणि 'बॅकअप-डिर' देऊन पुसलेल्या फाइली तारखेच्या फोल्डरात हलवायला सांगितल्या. नुसता मॅक्स-डिलीट असता तरी त्या रात्री बावीसऐवजी चारच गेल्या असत्या.

यूपीएसला नवी बॅटरी, १,१०० रुपये. एक डबा बदलला, ८५० रुपये. डिस्क धरून एकूण ७,३५०. वेळेचा हिशेब साधारण चाळीस तास, त्यात आत्याचे दोन दिवस धरलेले नाहीत.

२ जुलै

भिंतीवरचं बटण बंद-चालू करून आठ वेळा थंड सुरुवात. तीन वेळा एसडीबी आणि एसडीसीची अदलाबदल झाली. आठही वेळा /मूळ वर मूळच. मग मुद्दाम एफएसटॅबमध्ये दोन्ही यूयूआयडी उलटे लिहून स्क्रिप्ट चालवली. ती पहिल्याच खुणेला थांबली, मेल आला. ओळी पुन्हा सरळ केल्या.

६ जुलै, आषाढी एकादशी

दुपारी घरी सगळे जमले होते, आत्यानं खिचडी केली होती. रामनवमीचं कीर्तन लावलं. मधे पावसानं लाईट दोनदा गेली. दुसऱ्यांदा बराच वेळ आली नाही, यूपीएस संपला, मशीन बंद पडलं. लाईट आल्यावर मी आधी एलएसबीएलके पाहिलं. अक्षरं पुन्हा बदललेली होती. /मूळ उघडलं, एकूण ६३ कॅसेटी, सगळ्या तिथेच.

संध्याकाळी ती फीत चुरगळलेली कॅसेटही लावली. एकतिसाव्या मिनिटाला खरखर सुरू झाली तशी आत्या त्या जागेची ओवी म्हणत गेली, चाळीस सेकंद संपून कीर्तनकारांचा आवाज परत येईपर्यंत. ते मी फोनवर घेतलं आहे. वेगळ्या फाइलीत, कॅसेटच्याच क्रमांकानं, तिन्ही डिस्कांवर ठेवलं. 'आजोबा' डिस्क आता आत्याच्या कपाटात असते. तिच्यावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव आणि यूयूआयडीच्या पहिल्या चार खुणा लिहिल्या आहेत.